चार मोकळे ठोके

इबादानमधल्या मोकोलाच्या चढावर टॅक्सी अडकली आणि नेमकं तेव्हाच रेडिओवर मोरेनिकेचं गाणं लागलं. मागच्या सीटवर तिघीजणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. खिडकीशी मोरेनिके, मधे मांडीवर सुक्या मासळीचं टोपलं घेतलेली एक म्हातारी, आणि पलीकडे फोनमध्ये डोकं घातलेली कॉलेजची मुलगी. मोरेनिकेनं काळा चष्मा लावला होता आणि डोक्याला साधं सुती फडकं गुंडाळलं होतं. लागोसमध्ये एवढ्यावर ओळख लपत नाही. पण इबादानची माणसं शेजारच्याच्या तोंडाआधी त्याचा नमस्कार बघतात, आणि गाडीत शिरताना तिनं म्हातारीला गुडघा वाकवून रीतसर नमस्कार केला होता. म्हणजे कुणाची तरी नीट वाढवलेली पोर, विषय संपला. ड्रायव्हरनं आवाज वाढवला आणि स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला. मोरेनिके खिडकीबाहेर तांबारलेल्या पत्र्यांच्या छपरांकडे बघत बसली, पण कान गाडीतच होते. स्वतःचं गाणं परक्या माणसाच्या बोटांत वाजताना ऐकण्यासारखं सुख नाही, हे ती मुलाखतीत कधी कबूल करत नसे. गाण्यात दोनदा एक जागा येते. गिटार थांबते, ढोल थांबतो, तिचा आवाजही थांबतो. चार ठोके नुसते मोकळे. त्या जागेबद्दल लागोसच्या एका वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं होतं की या शांततेत एका पिढीचा हुंदका दडला आहे. हुंदका वगैरे काही नाही हे पुरतं ठाऊक असूनही मोरेनिकेनं ते कात्रण जपून ठेवलं होतं. आता ती जागा आली, ड्रायव्हरची बोटं थांबली, आणि शेजारची म्हातारी टोपलं सावरत, सहज, चुलीपाशी बसून म्हणावं तसं म्हणाली,

"लढाईतून पळाला, पाठीवर हंडा घेऊन, परतून आला, विचारलं काय, रस्सा झाला का?"

चार ठोक्यांत ते चपखल बसलं. शेवटचा शब्द संपला तिथंच ढोल पुन्हा सुरू झाला. म्हातारी स्वतःशीच हसली आणि ड्रायव्हरला म्हणाली की पोरीचा गळा सोन्याचा आहे, पण आमच्या माणसाला तिनं दाराबाहेर उभं केलं. ड्रायव्हरला यातलं ओ की ठो कळलं नाही. तो म्हणाला, आजी, गाण्यात असतात अशा स्टाईली. मोरेनिके म्हातारीकडे वळली. न राहवून तिनं विचारलं की तुम्हाला हे कसं माहीत. म्हातारीनं सांगितलं, ती त्याच घराण्याची, फक्त शेतवाडीवरच्या शाखेची. अकिनलाबी तिच्या आज्याचा आजा. गाणारी म्हणे शहरातल्या शाखेची आहे, आणि शहरातल्यांना सगळ्याचीच लाज. मोरेनिकेनं चष्म्याआडून, आवाज शक्य तितका परका ठेवून म्हटलं, पण पळून गेलेल्या माणसाची लाज वाटणारच की हो.

"लाज कसली? लढून मेले त्यांची नावं दगडावर आहेत. हा पळाला, म्हणून त्याचं नाव घ्यायला आम्ही आहोत," म्हातारी म्हणाली. मग तिनं तो प्रश्न विचारला जो या शहरात कुणीही कुणालाही विचारतं. "तुझं घर कुठलं गं?"

घर कुठलं हे सांगितलं की म्हातारी तिथल्या तिथे, मासळीच्या वासात, त्या घराची ओरिकी म्हणायला लागली असती. कुळाचं गुणगान, पूर्वजांची नावं, त्यांचे पराक्रम, त्यांच्या खोड्या, सगळं. मोरेनिकेला हे ठाऊक होतं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, लागोसची आहे. म्हातारीनं तिच्याकडे नीट पाहिलं, लागोस हे काय घर असतं होय, एवढं म्हणाली, आणि ओजेच्या बाजाराशी टोपलं डोक्यावर घेऊन उतरून गेली. सीटवर मासळीचा वास राहिला. मोरेनिकेच्या लक्षात आलं की आपण आत्ता पुन्हा पळालो, दुसऱ्यांदा, आणि या खेपेला तर गाडीतून उतरायचीही गरज पडली नाही.

मोरेनिकेच्या घराण्याच्या टेकडीमागच्या आवारात सत्तरेक माणसं राहायची आणि घराण्याची ओरिकी सुनांच्या तोंडी असायची. लेकी लग्न होऊन जातात, मुलगे कामाला जातात. परक्या घरून आलेल्या बायकाच या घराचं सगळं पाठ करून बसतात, याचं मोरेनिकेला लहानपणी फार नवल वाटे. तिची आई तर आवारातली सगळ्यात धारदार जिभेची सून. आवारात तिला मोरेनिकेची आई म्हणत. तिचं स्वतःचं नाव नवऱ्यालाही घेताना कुणी ऐकलं नव्हतं. सकाळी उठून मोरेनिके आईपुढे गुडघे टेकायची, आणि आई हातातलं काम न सोडता सुरू करायची. अयिंके, म्हणायची. मोरेनिके हे शाळेचं, चर्चचं, जगाचं नाव. अयिंके हे गुणगानातलं नाव, वाखाणून वाखाणून लाडवायची अशी जी ती, आणि ते फक्त आई घ्यायची. अयिंके, टेकडीआडच्या आवाराची लेक, ज्यांच्या अंगणात पाहुणा उपाशी निजत नाही, ज्यांच्या घोड्याला पूल लागत नाही. असं करत करत अकिनलाबीपाशी यायची. अकिनलाबी म्हणजे शूर जन्मला. हा शूर भर लढाईतून सैन्याचा स्वयंपाकाचा हंडा पाठीवर बांधून पळाला, मागून आलेले तीन बाण हंड्याला लागले, आणि घरी येऊन त्यानं बायकोला पहिला प्रश्न विचारला तो रश्शाचा. हे शहर मुळात लढवय्यांची छावणी. इथल्या प्रत्येक आवारात एक तरी सेनापती आहेच, आणि नसला तर उसना आणतात. अशा शहरात आई हे पळपुट्याचं कडवं सगळ्यात मोठ्यानं म्हणायची, भिंतीपलीकडच्या आवारात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मोरेनिकेच्या गुडघ्याखाली शेणानं सारवलेली थंड जमीन असायची, पोटात भूक असायची, आणि मान मात्र आपोआप ताठ व्हायची. रविवारी चर्चहून आल्यावर वडील कोट खुंटीला लावून रेकॉर्ड प्लेअर सुरू करायचे. रेल्वेतली कारकुनी आणि समुद्रापलीकडच्या काळ्या गायकांच्या सोल संगीताच्या तबकड्या, एवढीच त्यांची दोन जगं. तबकडीतली बाई आतड्यापासून गायची, भिंतीपलीकडे आई चुलीवर अमालाचं पीठ घोटताना ओरिकी म्हणायची, आणि मधल्या दारात बसलेल्या मुलीला दोन्ही एकदमच ऐकू यायचं. पुढे लोकांनी विचारलं, सोल आणि कविता यांचा संगम तुम्हाला कसा सुचला, तेव्हा तिनं मोठमोठी उत्तरं दिली. खरं उत्तर ते दार होतं.

आज जिथं तिचं गाणं होतं त्या शाळेच्या थोडं आधीच ती टॅक्सीतून उतरली आणि चढ चालत निघाली. वाद्यांची गाडी आणि मंडळी पुढे गेलेली. लागोसहून येताना तिनं वेशीपाशीच गाडी सोडली होती, कारण सात वर्षांपूर्वी ती या शहरातून भाड्याच्या गाडीतून गेली होती आणि आज तिला तसंच परत यायचं होतं. निदान स्वतःला सांगितलेलं कारण ते होतं. भजी तळणाऱ्या बायकांच्या धुरातून जाताना तिला पुन्हा ती दुपार दिसली. वडील बैठकीच्या खोलीत पांढऱ्या कपड्यांत निजवलेले. अंगण भरलेलं. आई विधवेच्या रीतीप्रमाणे आतल्या खोलीत, जमिनीवर, खिडकीकडे पाठ करून. त्या आवारात बाप गेला की ओरिकीचा पहिला शब्द थोरल्या लेकीचा असतो. ती सुरू करते, मग सुना उचलतात. मोरेनिके तेव्हा सत्तावीस वर्षांची, लग्नसमारंभात गाऊन गाऊन शहरात थोडं नाव झालेलं. सगळ्यांना वाटलं आज काय ऐकायला मिळणार. तिनं सुरुवात चांगली केली. पाहुणा झाला, घोडा झाला, पूल झाला. अकिनलाबी आला आणि तिची नजर वडिलांच्या पायांकडे गेली. कुणीतरी त्यांना नवे मोजे घातले होते, आणि एका मोज्याची शिवण उलटी होती. तिला एकाएकी वाटलं, हे कडवं म्हटलं की संपलं, मग ते खरंच गेले. आवाज आला नाही. अंगणातली माणसं थांबली. ती उठली, मागच्या दारानं गेली, शोकासाठी सगळ्यांनी एकसारखं शिवलेलं ते निळं कापड अंगावर असतानाच लागोसच्या गाडीत बसली. पुढचं आत्यानं उचललं, असं नंतर कळलं. पण आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसलेली आई चार ठोके, आठ ठोके, किती ठोके कान लावून बसली असेल, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

आईनंही त्या दिवसाचं नाव काढलं नाही. दर रविवारी फोनवर बोलत राहिली, अयिंके जेवलीस का, अयिंके तिकडचं पाणी उकळून पी. हे क्षमेपेक्षा जड होतं. लागोसमध्ये मोरेनिके आधी दुसऱ्यांच्या मागे गायली, मग स्वतःची गायली, आणि मग एक दिवस तिला कळलं की आपण काहीही गायलो तरी ते अर्धंच असतं. तेव्हा तिनं ते गाणं केलं, वडिलांच्या तबकड्यांचा ताल आणि आईच्या तोंडची ओरिकी. बापाच्या मढ्यापाशी राहिलेलं देणं फेडावं असा हेतू होता, आणि तो लबाड नव्हता. फक्त अकिनलाबीचं कडवं तिनं गाळलं. रेकॉर्डिंगच्या माणसाला सांगितलं की तालात बसत नाही. ढोल वाजवायला बसलेले अयानवालेबाबा पिढीजात ढोलकरी. त्यांचा ढोल माणसासारखे शब्द बोलतो, आणि त्याला इबादानची सगळी घराणी तोंडपाठ. त्यांनी काठी खाली ठेवून विचारलं, पोरी, मधला माणूस कुठे गेला? ती म्हणाली, तो नको, बाबा. म्हाताऱ्यानं काठी पुन्हा उचलली. मग म्हणाला, ठीक आहे, पण मी त्याच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवणार नाही. आणि दर खेपेला तिथं आला की हात उचलून चार ठोके थांबायचा. गिटारवालाही थांबायला शिकला. ती एका पिढीच्या हुंदक्याची शांतता वगैरे म्हणजे एका म्हाताऱ्याचा हट्ट होता. गाणं देशभर गाजलं, देशाबाहेर गाजलं. आईला तिनं फोन लावून विचारलं, ऐकलंस का. आई म्हणाली, ऐकलं, आवाज चांगला लागलाय, मोरेनिके.

मोरेनिके. आठ महिने झाले, तेव्हापासून आई तिला जगासारखीच हाक मारत होती. जेवलीस का, मोरेनिके. पाणी उकळून पी, मोरेनिके. रागाचा एक शब्द नाही. तक्रार करावी तर कशाची, आई आपल्याला आपल्याच नावानं हाक मारते याची? पळून गेली तेव्हाही जे नाव आईनं काढून घेतलं नव्हतं, ते तिनं हे गाणं केल्यावर काढून घेतलं. पोरीचं पळणं आईला चालत होतं. पळालेल्याला लपवणं चाललं नाही. हे इतकं साधं होतं आणि ते कळायला सुक्या मासळीच्या टोपल्याशेजारी बसावं लागलं, याचा मोरेनिकेला राग आला, हसू आलं, आणि शाळेच्या फाटकाशी येईपर्यंत डोळेही भरून आले. चष्मा होता ते बरं होतं.

तिसरीच्या वर्गात बाकं भिंतीला सारून तिच्या तयारीची सोय केली होती. फळ्यावर अजून भागाकार होता. खिडकीतून पटांगण दिसत होतं. चारचं ऊन, आंब्याच्या झाडाखाली लोकांची झुंबड, आणि पुढच्या रांगेत आवारातल्या सुना, सगळ्या एकाच गर्द निळ्या कापडात, डोक्याची वस्त्रं एकीपेक्षा एकीची उंच. मधोमध आई बसली होती. येशील ना असं विचारल्यावर आई नुसतं बघू म्हणाली होती. आता हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ, ती मंचाकडे असं बघत होती की जणू मंचच तपासायला आली आहे. आई म्हातारी झालीय, मोरेनिकेला वाटलं, आणि लगेच वाटलं, छे, कुठली म्हातारी. अयानवालेबाबा वर्गाच्या दाराशी ढोलाच्या वाद्या ओढत बसले होते. ती त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि म्हणाली की आज त्या माणसाला आत घ्यायचंय. म्हाताऱ्यानं वर पाहिलं नाही. वादी ओढून, बोटानं कातड्यावर टिचकी मारून, आवाज मनासारखा लागल्यावर म्हणाला, त्याची जागा मी मोडलीय कुठे?

मंचावर गेल्यावर नेहमी आधी तिच्या तळपायांना कळतं की आज गाणं होणार की नाही. आज फळ्या तापलेल्या होत्या आणि तिनं चपला काढल्या. आधीची चार गाणी ती जशी गायली तशी लागोसमध्ये कधी गायली नव्हती. गळा उघडला होता, खालच्या स्वराला गेली की लोक खाली झुकायचे, वर गेली की हात वर जायचे. तबकडीतली ती बाई आतड्यापासून गायची ते कसं, हे आज तिच्या पोटाला ठाऊक होतं. गर्व वाटला तर वाटू दे, तिनं स्वतःला सांगितलं. हे मी केलंय, हे त्या दाराशी बसून मी ऐकलंय आणि मीच जोडलंय. मग ते गाणं आलं. पाहुणा आला, घोडा आला, पूल आला. म्हाताऱ्याचा हात उचलला गेला. गिटार थांबली. चार ठोके मोकळे झाले आणि त्यात तिला एका मोज्याची उलटी शिवण स्पष्ट दिसली. तिनं डोळे मिटले नाहीत. सरळ आईकडे बघून ती म्हणाली, लढाईतून पळाला, पाठीवर हंडा घेऊन. परतून आला, विचारलं काय, रस्सा झाला का? आवाज सोलचा नव्हता, कवितेचाही नव्हता. चुलीपाशी म्हणावं तसा होता. निळ्या रांगेत खसखस पिकली. मग सुना उठल्या, सगळ्याच, आणि टाळ्या वाजवत तेच कडवं इतक्या मोठ्यानं परत म्हणाल्या की टेकडीपलीकडच्या सेनापतींच्या आवारांनाही ऐकू गेलं असेल. हजार-दोन हजार माणसं हसत होती, आणि त्या हसण्यानं कुणाचंच काही कमी होत नव्हतं. फक्त आई उठली नव्हती. ती हात मांडीवर ठेवून तशीच बसली होती.

दुसरं कडवं मोरेनिके कसं गायली हे तिला नंतर आठवेना. ती गात होती आणि बघत होती की आईच्या चेहऱ्यावरची एक रेघही हललेली नाही. मनात हिशेब चालला होता की एवढ्यानं भागणार नाही, एका कडव्यानं सात वर्षं कशी भागतील, आणि नाही भागली तरी अकिनलाबी आत आला, तेवढं तरी झालं. उद्यापासून मोरेनिके म्हणवून घ्यायचं, नीट वागवायचं ते नाव. ती जागा पुन्हा आली. म्हाताऱ्याचा हात उचलला गेला. तिनं कडवं म्हणायला श्वास घेतला, आणि तेवढ्यात आई उठली. ओरिकी म्हणणाऱ्या बायकांना माइक लागत नाही.

"बापाच्या मरणातून पळाली, पाठीवर गाणं घेऊन," आई म्हणाली, प्रत्येक शब्द सुटा करून, निम्म्या शहरासमोर. "परतून आली, विचारते काय, रस्सा झाला का?"

पटांगणात पहिल्यांदा कुणी हसलं नाही. ओरिकीत नवी ओळ शंभर वर्षांत एखादी पडते, आणि ती पाडायचा मान घरच्या सुनेचा. आवारातल्या बायकांनी ती ओळ ऐकली, तोंडात घोळवली, आणि एकीनं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी उचलली. उद्या सकाळी कुठल्यातरी पोरीनं गुडघे टेकले की अकिनलाबीच्या पाठोपाठ ही पळपुटी येणार होती. आणि मोरेनिके मेल्यावरही, तिची एकही तबकडी कुणाकडे उरली नाही तरीही, येत राहणार होती. अयानवालेबाबांच्या ढोलानं ती ओळ एकदा बोलून पाहिली, जागच्या जागी बसली. गाणं पुढे न्यायचं होतं, मंडळी तिच्या खुणेची वाट बघत होती. पण मोरेनिकेनं माइक खाली ठेवला होता आणि ती तापलेल्या फळ्यांवर दोन्ही गुडघे टेकून बसली होती, लहानपणी सकाळी बसायची तशी, मान ताठ करून.

आई मंचाच्या कडेपर्यंत आली. तिनं डोक्याचं वस्त्र सारखं केलं, पोरीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि चपला नाहीत हेही पाहिलं.

"ऊठ आता, अयिंके," ती म्हणाली. "रस्सा सकाळीच झालाय."